मागे न जाणारी गाडी

१ फेब्रुवारी १९७०, रविवार

आज गाडीचं टप उडवलं. मगनने छिन्नी धरायची, मी हातोडा मारायचा असं ठरलं होतं. तिसरा ठोका मगनच्या अंगठ्यावर बसला. त्यानंतर मी बाजेवर बसून देखरेख केली. माणसाने आपापल्या विषयात राहावं हे बरं.

गाडी धरणावरच्या इंजिनियरसाहेबांची. त्यांच्या मुलीला मी दोन वर्षं संस्कृत शिकवलं. मुलगी पास झाली – त्यात माझा हात किती, देव जाणे. धरण पुरं झालं, साहेबांची बदली झाली, आणि जाताना चार माणसांकरवी ढकलत ही जर्मन कासवगाडी त्यांनी माझ्या अंगणात आणून ठेवली. ‘गुरुदक्षिणा,’ म्हणाले. जुन्या काळी गाय द्यायचे. गाय निदान शेण तरी देते. हिने एक पावसाळा गंजण्यात काढला. कोंबड्या आत अंडी घालू लागल्या.

मागच्या सीटवर साहेब एक अमेरिकन मासिक विसरून गेले होते. त्यात चित्र – अशाच गाडीचं वरचं सगळं कापून, चाकं जाड करून, एक कुटुंब वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारतंय. बाई हसतेय. आमच्याकडे टेकड्या नाहीत. पण भडगावच्या पायथ्याला गिरणेची वाळू आहे, आणि संक्रांतीनंतर पाणी नावापुरतं. बाईही आहे. हसवणं बाकी आहे.

मगनला चित्र दाखवलं. मगन पंचक्रोशीतली विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करतो, गाड्यांचे आख ठोकतो. चित्र उलटंसुलटं करून म्हणाला, “गुरुजी, हाई गाडी अपघातना पहिलेनी शे का नंतरनी?”

ही ओट्यावरून बघून गेली. “छप्पर असलेली गाडी फुकट मिळाली, तर छप्पर काढायला माणूस लावला.”

४ फेब्रुवारी

चासी मधून कापून हातभर आखूड केली, पुन्हा जोडली. अमेरिकेत असंच करतात. मगन म्हणाला, अमेरिकेत जोडणारा वेगळा असेल.

८ फेब्रुवारी, रविवार

नाव ठेवलं – सैकतयान. वाळूवरून जाणारं ते. इंदूने सबंध घरात म्हणून दाखवलं, आणि शेवटी ‘वाळूगाडी’ म्हणाली. मॅट्रिकला बसलेल्या मुलीचं संस्कृत हे असं. बाप शिकवतो म्हणे!

नावं ठेवण्याची खोड जुनीच. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत नाही. पण चोवीस वर्षांपूर्वी मी धुळ्याच्या पाठशाळेतून ताजाच सुटलो होतो. भिकूबाई हे नाव कानाला सोसेना. प्रियंवदा केलं. तिने अर्थ विचारला. गोड बोलणारी, असं सांगितलं. ‘मग मी फार बोलतच नाही,’ म्हणाली. त्या नावाने तिला आजवर फक्त मतदार यादीने हाक मारली आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

पहिली फेरी. अंतर: तीस पावलं.

मगन चालवत होता, मी शेजारी. काठावरून उतरलो तेव्हा मागे निम्मं भडगाव. पुढे वाळू लागली, मागची चाकं गरगरली आणि गाडी बसली – म्हैस पाण्यात बसते तशी, सावकाश, समाधानाने. दोन बैल लावून काढली. बैलांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, भंवरलालच्या होतं. शेजारी आहे, धान्याचं दुकान आहे, माझ्यावर हसायला त्याला मुहूर्त लागत नाही. पण घरी आल्यावर दुकानातल्या जुन्या गाद्या सीटसाठी त्यानेच दिल्या. “मास्तरसाब, निदान बुडताना तरी आरामात बुडा.”

मगनने मला गिअर शिकवले. पुढे चार. मागे जायचा गिअर वेगळा आहे: दांडी आधी खाली दाबायची, दाबून धरायची, मग डावीकडे घेऊन मागे ओढायची. “दाबी देवानं, मंग वढानं.” दहा वेळा करून घेतलं. ही चहाचे कप घेऊन उभी होती.

“आणि दाबलीच गेली नाही तर?”

“तर मागे जाता येत नाही,” मी म्हणालो.

“असं,” म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

२२ फेब्रुवारी

भंवरलाल दुकान सोडून मुद्दाम आला. म्हणाला, लहानपणी आजोळी राजस्थानात त्याने उंट पाहिलेत. उंटाचा पाय टेकला की पसरतो, म्हणून तो रुतत नाही. घोड्याचा खूर पसरत नाही. “तुमची गाडी घोडा आहे, मास्तरसाब. तिला उंट करा.”

मगनने मागे ट्रॉलीची रुंद टायरं बसवली आणि चारही चाकांतली निम्मी हवा सोडली. चाकं थोरल्या पाहुण्यांसारखी पसरून बसली. आणि गाडी चालली! नदीतल्या मंदाबाईच्या टरबुजाच्या वाडीपर्यंत जाऊन आलो. दोनच नियम: हवा कमी ठेवायची, आणि मऊ वाळूत थांबायचं नाही. थांबला तो रुतला.

वीस वर्षं व्याकरण शिकवून जे सुख मिळालं नाही ते टायरची हवा सोडून मिळालं.

१ मार्च, रविवार

सहकुटुंब फेरी. इंदू मागे, मगनने पंपाच्या पाइपची कमान ठोकली आहे तिला धरून. ही पुढे, पदर कानामागे खोचून. निघताना म्हणाली, “सावकाश.” मध्यावर म्हणाली, “एवढंच पळते का?”

वाटेत मंदाबाईची टरबुजाची वाडी आहे, नदीच्याच वाळूत. माझं एक चाक वाडीतून गेलं. दोन टरबुजं. मंदाबाई कमरेवर हात ठेवून समोर आली.

“गुरुजी, तुमनी पोथीमा टरबूज तुडावानं लिखेल शे का?”

फुटलेली दोन्ही विकत घेतली आणि तिथेच बसून खाल्ली. मंदाबाई दोन्ही तीरांवर टरबुजं विकते आणि दोन्ही तीरांच्या बातम्या नेते-आणते. मी जळगावच्या पेपरचा तालुका वार्ताहर, पण माझी बातमी छापून येईस्तोवर तिची शिळी झालेली असते.

तिथून पलीकडच्या टाकळीची निंबाची झाडं दिसतात. ही टरबूज खाता खाता तिकडे बघत होती. बी थुंकायची राहिली. इंदूने विचारलं, “आई, मामाचं घर कुठलं?” हिने बोट केलं नाही. हनुवटीने दाखवलं.

मी गाडीच्या चाकांची पाहणी करू लागलो. चाकांना काही झालेलं नव्हतं.

२ मार्च

कालचं अर्धवट राहिलं. वहीत खोटं लिहायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे बऱ्याच गोष्टी मी लिहीतच नाही. ही लिहितो.

टाकळीचा सरपंच लोटन पाटील हा माझा मेहुणा, हिचा थोरला भाऊ. बासष्ट सालच्या आखाजीला – अक्षय्य तृतीयेला – आम्ही टाकळीतच होतो. त्याच दिवशी लोटनच्या हस्ते गावविहिरीचं उद्घाटन झालं. मी बातमी धाडली: ‘टाकळी येथे सरपंचांच्या हस्ते विहिरीचे थाटात उद्घाटन. विहिरीस पाणी नाही.’ दोन्ही वाक्यं खरी. पहिल्याच वाक्यावर थांबता आलं असतं. पण मला दुसरं वाक्य फार आवडलं.

दोन दिवसांनी पेपर टाकळीला पोचला तेव्हा मी तिथेच जेवायला बसलो होतो. लोटन पंगतीसमोर म्हणाला, “पेपरवाल्यानं आजपासून मन्या दारमा पाय ठेवाना नही.” मी म्हणालो, नाही ठेवत. इथवरही ठीक होतं. पण पानावरून उठता उठता मी जोडलं: आणि तुमची बैलगाडी माझ्या दारात येता कामा नये.

आखाजीला भाऊ गाडी घेऊन बहिणीला न्यायला येतो. मुऱ्हाळी आल्याशिवाय पोरीने माहेरी जायचं म्हणजे बोलावल्याशिवाय पंगतीला बसायचं. गाडी मी बंद केली. तेव्हापासून आठ वर्षं हिचं माहेर बंद आहे. ती एका शब्दाने बोलली नाही. दर आखाजीला पुरणपोळी करते, आमरस करते, सगळ्यांना वाढते. त्या एका दिवशी कटाच्या आमटीत मीठ जास्त असतं. मी निमूट खातो.

८ मार्च

वाळू कार्बोरेटरमध्ये. गाडी दम्याच्या रोग्यासारखी खोकते. मगनने बोटाने वाळू काढून दाखवली आणि म्हणाला, गाडीच्या नाकाला फडकं पाहिजे. हिचं जुनं लुगडं फाडून चार पदरी फडकं बांधलं. लुगडं कुठलं ते नंतर कळलं – लग्नातलं. “पडूनच होतं,” म्हणाली.

गाडी आता श्वास तरी घेते.

१९ मार्च

संध्याकाळी मंदाबाई डोक्यावर टोपली घेऊन ओट्यावर. टरबूज विकायला नव्हे. टाकळीहून निरोप – हिच्या आईचा. रुक्माबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे ठाऊक होतं. लोटन शस्त्रक्रियेसाठी जळगावला न्यायला तयार आहे. म्हातारी जात नाही.

“म्हने, आते उजेड दिखस, मानूस दिखत नही. भिकूले यंदा आखाजीले धाडा. ती उनी का मंग डोया उघाडू. ती नही उनी तं उघाडीसन दखू कोनले?”

मंदाबाई गेली. मी हिला म्हणालो, “जा की तू. मी कुठे अडवलंय?”

“मुऱ्हाळी नाही आला.”

“नाही आला तरी जा. चालत जा, दीड मैल तर आहे.”

“आणि लोकांनी विचारलं, नवरा का आला नाही, तर सांगू – तो विहीर बघून आला होता, ती पुरे झाली?”

प्रियंवदा!

२३ मार्च, धुळवड

काल होळीच्या सुट्टीत मगन दिवसभर गाडी उघडून बसला होता. मी शाळेच्या पेपरांत. आज संध्याकाळी फेरीला काढली, अंगणातून मागे घ्यायला गेलो तर दांडी खाली जाईना. दोन्ही हातांनी दाबली. गुडघ्याने दाबली.

मगन म्हणाला, “मांघला गेअर घासाई गया, गुरुजी. दाते गयात.”

“कालपर्यंत तर होते.”

“दात असाच जातस,” म्हणाला आणि हसून स्वतःचे दाखवले. दोन नाहीत.

नवा भाग मुंबईला मिळेल, मिळाला तर. तोवर गाडी फक्त पुढे जाते. अंगणात ठेवताना तोंड दाराकडे करून ठेवावी लागते. भंवरलाल, मगन आणि मी मिळून मागची बाजू उचलून फिरवतो. भंवरलाल म्हणतो, सोंडेने उचलायला हत्ती बघा एक.

३० मार्च

मागे जाता येत नसल्याने चालवण्यात फार विचार करावा लागतो. शिरण्याआधीच बाहेर कसं पडायचं ते ठरवायचं. ही सवय मला बासष्ट साली असती तर.

१२ एप्रिल, रविवार

ऊन अंगावर येतं. गाडी मैलभर जाते आणि मरते. अर्ध्या तासाने आपोआप जिवंत. प्लग बदलले, वायर बदलली, मगनने तिच्या आईबापांचा उद्धार केला. शेवटी कारण सापडलं: इंजिनाच्या धगीने नळीतलं पेट्रोल वाफ होतं आणि पुढे सरकत नाही. उपाय – पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं, आणि वर एक गळका डबा टांगलेला, थेंब थेंब पाणी पडेल असा. महादेवावर असतो तसाच. इंदूला मागे बसवून ‘अभिषेक चालू ठेव’ म्हणून सांगितलं. शेजारच्या म्हातारबुवांनी येता येता हात जोडले. त्यांना वाटलं, मी शेवटी देवधर्माला लागलो.

गाडी नदीभर दोन वेळा फिरली. मेली नाही.

१९ एप्रिल

जेवताना ही म्हणाली, “आखाजीच्या आदल्या दिवशी मला त्या काठाला सोडाल का?”

मी घास चावत राहिलो.

“मुऱ्हाळी नको. दादाची गाडी तुमच्या दारात यायची नाही, तर तुमची गाडी त्याच्या काठाला जाऊ दे. तुम्ही खाली उतरू नका. मी आणि इंदू वरती चालत जाऊ.”

तिने हे अगोदर मनात दहा वेळा म्हटलेलं असणार. एक शब्द वावगा नव्हता. मी विचार केल्यासारखं केलं. माझा शब्द मोडत नव्हता, लोटनचा मोडत नव्हता, म्हातारीला मुलगी भेटत होती. धर्मशास्त्रालाही याहून सोयीची वाट काढता आली नसती.

“काठ कुठला?” मी विचारलं. “सगळी मऊ वाळू आहे. तिथे थांबलो तर संपलं.”

“मंदाबाईच्या वाडीच्या वरच्या अंगाला घट्ट चढण आहे. वर मारुतीच्या पाराजवळ मोकळी जागा. तिथे आम्हाला उतरवा, पाराला वळसा घाला, आणि या परत.”

ती जागा मला आठवते. तिथे चार बैलगाड्या वळायच्या.

३ मे

सराव. मगन म्हणतो ब्रेक ठीक, क्लच ठीक. मागच्या गिअरचं विचारलं. मुंबईहून भाग आला नाही म्हणाला, आणि उगाच टायरला लाथ मारून बघितली.

हिने सांजोऱ्या तळल्या, दोन डबे. आठ वर्षांत एवढा रवा या घरात एकदम आला नव्हता.

६ मे, बुधवार

झोप नाही. कारण लिहीत नाही.

९ मे, शनिवार

परवा सकाळी सात वाजता निघालो. ही हिरवं लुगडं नेसून पुढे, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा. इंदू मागे, अभिषेकाचा डबा धरून. भंवरलाल काठावर उभा. “मास्तरसाब, सासरी चाललात. टोपी सरळ करा.” मी म्हणालो, मी सासरी चाललो नाही, काठाला चाललोय. तो म्हणाला, हां हां, काठालाच.

वाळू सुरेख पार केली. मंदाबाईच्या वाडीच्या वर घट्ट चढण – बरोबर होती. चढलो. वर गाडवाट, दोन्ही बाजूंना निवडुंगाचं कुंपण. आठ वर्षांत डोक्याच्या वर गेलेलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा. म्हणालो, हरकत नाही, पार येईल.

पार आला. मोकळी जागा नाही. तिथे लांबच लांब कडब्याची गंजी, आणि तिच्याशेजारी नवा गोठा. वाट सरळ पुढे जाते, आणि पुढे एकच गोष्ट आहे – लोटन पाटलाचं अंगण. मी ब्रेक दाबला. दांडी दाबली. गुडघ्याने दाबली. मागे कुंपण, पुढे मेहुणा, आणि गाडी अशी की जिला माघार ठाऊक नाही.

“अहो,” ही म्हणाली, “इंजिन तापतंय.”

पहिला गिअर टाकला. अंगणात शिरलो. कोंबड्या चौफेर. अंगणाच्या बरोबर मधोमध इंजिन बंद केलं आणि दोन्ही पाय वर गादीवर घेऊन मांडी घातली. शब्द पायाचा होता. चाकांबद्दल कोणी काही बोललेलं नव्हतं.

लोटन गोठ्यातून आला. केस पांढरे झालेत. हातात वैरणीची पेंढी तशीच. बहिणीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, माझ्या मांडीकडे पाहिलं.

“हाऊ खेकडा कोठला?”

मी म्हणालो, “ह्या दोघींना सोडायला आलो. वाट वळत नाही. चार माणसं बोलवा, गाडी उचलून फिरवा. मी जातो.”

“उतरा तरी.”

“उतरायचं ठरलेलं नाही.”

“तं बठा,” म्हणाला आणि पेंढी टाकायला निघून गेला. मग बसलो. अर्धं टाकळी कुंपणापाशी. एक पोरगी म्हणाली, देव बसवेल शे. ही आणि इंदू उतरून गाडीशेजारी उभ्या, आत कोणीच जाईना. बोलावणारा गोठ्यात होता.

तेवढ्यात रुक्माबाई भिंत चाचपडत ओट्यावर आल्या. फार वाळल्यात.

“गाडीना आवाज उना. बैलस्नी घुंगरं नहीत. कोन शे?”

“माय, मी भिकू.”

म्हातारीने हात पुढे केला. हिने हातातला डबा इंदूकडे दिला आणि पळत गेली. बेचाळीस वर्षांची बाई, पळत. नंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. मी बोनेटवरचा एक डाग बघत होतो. या गाडीला बोनेट नाही, हे नंतर लक्षात आलं.

मग म्हातारीने डोळे पुसले आणि विचारलं, “जावाई कोठे शेतस?”

“गाडीवर बठेल शेतस,” लोटन गोठ्याच्या दारातून म्हणाला. “उतरतस नही.”

“कसा उतरतीन? पाय कोन धुयं त्यास्ना?” म्हातारी कडाडली. “जावाई दारमा येयेल शे आनि तू वैरन टाकस! पानी आन, लोटन.”

जावई आला की पाय धुवायचे, ही रीत आहे. भांडण असो, विहीर असो. लोटनने आईकडे पाहिलं. मग आत गेला आणि पितळी घंगाळ आणि तांब्या घेऊन आला. गाडीशेजारी खाली बसला. गुडघे कुरकुरले – त्याचे. माझेही कुरकुरले, मांडी सोडताना.

“पाव्हना, पाय खाले सोडा.”

सोडले. हवेत लोंबकळत. त्याने पाणी ओतलं. गार होतं, मे महिन्याच्या मानाने फारच गार.

“हाई पानी कोठलं शे, माहीत शे का?”

“नाही.”

“त्याच विहीरनं. उद्घाटननंतर आनखी सात हात खंदी. चौसष्ट सालमा पानी लागनं. बठ्ठं गाव पेस. सहा वरीस व्हयनात.” दुसरा पाय हातात घेतला. “छापं का तुम्ही?”

आठ वर्षांत मी तालुक्यातल्या प्रत्येक विहिरीची, प्रत्येक उद्घाटनाची बातमी दिली. त्या एका विहिरीत पुन्हा डोकावून बघितलं नाही. वार्ताहर म्हणवतो.

“नाही छापलं,” म्हणालो. “छापतो.”

त्याने उपरण्याने माझे पाय कोरडे केले. बोटांच्या मधलेही. आता ते धुतलेले पाय घेऊन मी काय हवेत राहणार होतो? म्हातारी ओट्यावर कान देऊन होती. खाली ठेवले. अंगण शेणाने सारवलेलं, गार लागलं.

लोटन उठला. हिच्या डोक्यावर हात ठेवला. “भिकू, वाळी गयी तू.” बस. एवढंच. दोघंही एकमेकांकडे न बघता आत गेले.

काल आखाजी. खापरावरची पुरणपोळी, आमरस. आमटीत मीठ बरोबर होतं. दुपारी निंबाच्या झोक्यावर गावच्या लेकींबरोबर ही – उभी राहून झोका घेत होती. इंदू तोंडावर हात ठेवून बघत होती. आईला असं तिने पाहिलंच नव्हतं. मीही नव्हतं.

संध्याकाळी रुक्माबाईंना गाडीत बसवून नदीत एक फेरी. मी चालवली, लोटन मागे, अभिषेकाचा डबा धरून. म्हातारीने दोन्ही हातांनी पाइप पकडला होता आणि तोंडावर वारा घेत होती. “अजून जोरमा,” म्हणाली. घराण्यातलंच आहे.

आज सकाळी आठ माणसांनी गाडी अंगणात उचलून फिरवली. मी एकटा आलो. दोघी अजून आठवडाभर तिथेच. रुक्माबाई सोमवारी जळगावला डोळे दाखवायला निघताहेत, लेकीचा हात धरून.

बातमी धाडली: ‘टाकळी येथील गावविहिरीस मुबलक पाणी.’ दुसरं वाक्य सुचलं होतं. धाडलं नाही.

१६ मे, शनिवार

लोटनची बैलगाडी माझ्या दारात. ही उतरली, इंदू उतरली, दोन पोती बाजरी उतरली. रुक्माबाईंच्या एका डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. पट्टी आठवड्याने निघेल. मी लोटनचे पाय धुवायला तांब्या आणला. म्हणाला, “मुऱ्हाळीना पाय धुवानी रीत नही, गुरुजी. चहा पाजा.”

१७ मे, रविवार

सकाळी मगन गिअरची दांडी उपसत होता. मी अचानक जाऊन उभा राहिलो. दांडी जिथे खाली दाबली जाते, तिथे एक लोखंडी कडी बसवलेली. कानस मारून, मापात. खालचे दाते धडधाकट.

मगन जमिनीकडे बघत म्हणाला, “होळीले वैनीस्नी सांगेल व्हतं. गुरुजीस्ले सांगू नको म्हनेत.” आणि दांडी पुसत, “गोठा नवा बांधेल शे, हाई बी त्यास्ले माहीत व्हतं. मंदाबाईनी सांगेल.”

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

मी म्हणालो, “मगन, कडी होती तिथे परत बसव.”

थापणं पुन्हा सुरू झालं.